माळ्यावर सापडलेली आजोबांची रायफल

प्रश्न : आमचा वाडा पाटण तालुक्यात, कोयना अभयारण्याच्या बाजूला. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो, धाकटा भाऊ गावी असतो. वडील गेल्या वर्षी गेले. दिवाळीत माळा साफ करताना धोतरात गुंडाळलेली आजोबांची शिकारीची रायफल आणि एका डब्यात नऊ काडतुसं निघाली. आजोबा १९७९ साली वारले. त्यांची लायसनची वही सापडत नाही. नळीवर मुकुट आणि त्याखाली ‘बीव्ही’ अशी अक्षरं आहेत. बाजूला तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्यासारखं चित्र आहे. बाकी गंज आहे. रायफल किती जुनी असावी? शंभर वर्षांवरची असेल तर परवाना लागत नाही म्हणतात, ते खरं का? पुण्याला आणून कुणा जाणकाराला दाखवू का?

उत्तर : पुण्याला आणू नका. गाडीच्या डिकीत तर नकोच. माझ्या एका अशिलाने अगदी याच हेतूने आजोबांची बंदूक शहरात नेली आणि तो नाकाबंदीत सापडला. हेतू चांगला होता हे कोर्टाला पटवून देईपर्यंत बंदूक मुद्देमालात पडून गंजली आणि त्याची चार वर्षं तारखांमध्ये गेली.

दिवाळीपर्यंत रायफल घरात होती, पण तुम्हाला ठाऊक नव्हती. शस्त्र कायद्यात ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलं आहे. धोतराची गाठ सुटली त्या दिवशी तुमची जाणीव सुरू झाली. त्यापुढचा प्रत्येक दिवस तुमच्या नावावर चढतो आहे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन ते कमाल पाच वर्षं कैद आणि दंड अशी आहे. घाबरवायला हे सांगत नाही. लवकर हालचाल केलीत तर हाच कायदा तुम्हाला सरळ वाट देतो.

आता वयाचा प्रश्न. शंभर वर्षांचा आकडा लोकांच्या डोक्यात बसला आहे तो १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातून. तो कायदा वस्तूच्या जपणुकीचा आणि निर्यातीचा, शस्त्र परवान्याचा नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली सूट कलम ४५ मध्ये आहे. जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्याबाहेर राहतं, पण ते दुरुस्त करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नसेल तरच. ‘दुरुस्त करून’ हे शब्द दोनदा वाचा. बोल्ट आखडला, घोडा बसत नाही, नळीत गंज आहे, एवढ्याने भागत नाही. एखादा मिस्त्री दोन दिवसांत ती चालू करू शकत असेल, तर कायद्याच्या नजरेत ती आजही बंदूकच आहे. म्हणून कुणी ‘नळीत वेल्डिंग मारून टाक’ असा सल्ला दिला तर ऐकू नका. तपासात ते पुरावा बिघडवल्यासारखं दिसेल आणि वस्तूही कायमची जाईल.

फेब्रुवारी २०२० मध्ये नियम बदलले आणि ‘क्युरिओ’ म्हणजे दुर्मीळ, संग्रहात ठेवण्याजोग्या वर्गातली लहान शस्त्रं ताब्यात ठेवायला परवान्याची गरज राहिली नाही, हेही तुमच्या कानावर येईल. ते खरं आहे. पण ते शस्त्र वापरायला, बाळगून फिरायला किंवा एका जागेहून दुसरीकडे न्यायला परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय काडतुसं मिळत नाहीत. शिवाय आपली रायफल क्युरिओ आहे हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. तसं लेखी हातात येईपर्यंत ती साधी विनापरवाना रायफलच समजा.

तुम्ही वर्णन केलेल्या खुणांवरून बरंच कळतं. तीन बंदुकांचं ते चित्र बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स म्हणजे बीएसए कंपनीचं. जुन्या बीएसए मोटारसायकली पाहिलेल्यांना ते लगेच ओळखू येईल. मुकुटाखालचं ‘बीव्ही’ हा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे नळी दाब सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का. या घडणीची अक्षरं तिथे १९०४ पासून आली. त्याआधी मुकुटाखाली आडवेतिडवे दोन राजदंड असत. तेव्हा नळीची ती तपासणी १९०४ नंतरची. रायफल मात्र त्याहून जुनी असू शकते, कारण विकताना किंवा नळी बदलताना पुन्हा तपासणी होत असे. शिक्का तपासणीचं वर्ष सांगतो, जन्माचं नाही.

मला खरी काळजी बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची आहे; कोणतं काडतूस बसतं ते त्यावर ठरतं. बीएसएने ‘ली-स्पीड’ नावाच्या बोल्टच्या शिकारी रायफली बनवल्या. हिंदुस्थानातल्या साहेबलोकांकडे आणि संस्थानिकांकडे त्या होत्या, आणि त्यातल्या पुष्कळ थ्री-नॉट-थ्री (.३०३) बोअरच्या. ते काडतूस ब्रिटिश लष्कराने १८८८ मध्ये घेतलं. लष्करी काडतूस खाजगी बंदुकीत बसेल, ही सरकारची भीती जुनी आहे. १९०७ मध्ये इंग्रजांनी .४५० बोअरच्या रायफली इथे आणायला बंदी केली ती मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून. मग कारखानदारांनी .४६५ आणि .४७० काढल्या. तीच भीती आपल्या शस्त्र नियम, २०१६ मध्ये उतरली आहे : .३०३ किंवा ७.६२ मि.मी.चं लष्करी काडतूस चालणारी बोल्ट रायफल पहिल्या अनुसूचीच्या वर्ग एक (क) मध्ये मोडते. तिचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. ‘ली-स्पीड’ इतर बोअरमध्येही निघाल्या, म्हणून इथून ठामपणे सांगता येत नाही. काडतुसाच्या बुडावर काय कोरलं आहे ते बघावंसं वाटेल. डबा आता उघडू नका. इतकी जुनी काडतुसं हाताळायची नसतात. पोलिसांचा आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारा कर्मचारी, ते पाहील आणि गरज पडली तर न्यायवैद्यक प्रयोगशाळा अहवाल देईल. कोर्टात आणि कार्यालयात तोच चालतो, शहरातल्या हौशी जाणकाराचं मत नाही.

आता करायचं काय. शस्त्र अधिनियमाचं कलम २१ म्हणतं की ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिला नसेल तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. तुम्ही पोलीस ठाणं निवडा. आधी हाताने अर्ज न्या, रायफल नको. अर्जात सापडल्याची तारीख, कुठे सापडली, कोण हजर होतं, आजोबांच्या आणि वडिलांच्या मृत्यूच्या तारखा, काडतुसांची संख्या आणि ‘वाड्यावर येऊन पंचनामा करून शस्त्र ताब्यात घ्यावं’ ही विनंती लिहा. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या. दोन्हीकडून पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. कलम ३ च्या, म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगण्याच्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचीच, पूर्वमंजुरी लागते. त्यांच्याच दप्तरी तुमचा प्रामाणिक अर्ज आधीपासून असणं ही मोठी गोष्ट आहे. जमा पावतीवर रायफलचा नंबर आणि ‘बीएसए’ लिहून घ्यायला विसरू नका.

त्याच जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकारात आजोबांच्या परवान्याची नोंद मागा. त्या काळच्या परवान्यात बोअर, बनावट आणि नंबर लिहिलेला असे. ते पान मिळालं तर ओळख पटवण्याचं अर्धं काम तिथेच होईल.

रायफल ठेवायची असेल तर वारस म्हणून परवाना मागता येतो. वारसाने मालकी येते, परवाना येत नाही, हे घरात सगळ्यांना समजावून सांगा. अर्जासोबत इतर वारसांची ना-हरकत लागेल, आत्यांचीसुद्धा. अर्ज राहत्या ठिकाणी, म्हणजे तुमच्या बाबतीत पुणे पोलीस आयुक्तांकडे. भाऊ करणार असेल तर आणखी एक अडचण आहे : अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सहमतीशिवाय मिळत नाही. परवाना नाकारला तर कलम १८ खाली अपील आहे. ठेवायचीच नसेल तर जमा केलेली रायफल परवानाधारकाला विकण्याची मुभाही कलम २१ देतं, पण मुदतीत. मुदत गेली तर ती सरकारजमा होते.

शेवटी एक विचारतो. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत माळ्याच्या जिन्याशेजारी भिंतीवर बिबट्याचं कातडं दिसतं आहे. त्याला शस्त्र कायदा नाही, वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. वारसाने आलेल्या अशा वस्तूची माहिती नव्वद दिवसांत वन खात्याला द्यावी लागते. ते खाली उतरवू नका, कुणाला देऊ नका. आजोबांच्या कागदांत वन खात्याचं मालकी प्रमाणपत्र आहे का, तेवढं पाहून मला कळवा.