तालमीच्या आधाराने पोर सावरेल का?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दहावी नापास झालेली सोळा-सतरा वर्षांची चार-पाच पोरं गुटखा आणि दारूकडे वळली आहेत. तालीम आणि भजनी मंडळ मिळून काही करता येईल का?

उत्तर : जरूर करता येईल, पण देवळात सगळ्यांसमोर शपथ देऊ नका, गळ्यात माळ घालायची घाईही नको. एकदा पाऊल घसरलं की ‘माळ मोडली’ या लाजेने पोरगा मंडळाकडे फिरकतच नाही, आणि नेमकी तेव्हाच त्याला तुमची गरज असते. आधी प्रत्येक पोरामागे एकच माणूस नेमा. वस्ताद, मामा, ज्याचं तो ऐकतो तो. त्याने आठवड्यातून दोनदा तरी भेटावं, चारचौघांत नव्हे. तालमीत सुरुवात हलक्या जोर-बैठकांनी करा. रोज पिणाऱ्याने दारू अचानक सोडली की हात थरथरतात, झटकेही येऊ शकतात; अशा वेळी व्यायाम नको, थेट दवाखाना. भजनात टाळ किंवा पखवाज हातात द्या, नुसतं बसवून ठेवू नका.

दहावीचं दारही बंद झालेलं नाही : कर्नाटकात वर्षाला एकाहून जास्त वेळा दहावीची परीक्षा होते, नापास पोराला पुन्हा बसवा. कन्नडची भीती असेल तर गावातल्याच एखाद्या ताईकडे रोज तासभर बसवा.

मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. मारहाण किंवा छळ असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. आणि अठराखालच्यांना गुटखा-दारू विकणाऱ्या दुकानदाराला आधी गाठा : बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.