गॅलियम आर्सेनाइड हा अर्धवाहक सिलिकॉनपेक्षा वेगवान, मग सगळ्या चिप त्याच्याच का नाहीत?

इलेक्ट्रॉन त्यात सहापट चपळ, हे खरंच: चलनशीलता (विद्युतक्षेत्रात ते किती सहज धावतात याचं माप) सुमारे ८५०० सेमी²/व्होल्ट-सेकंद, सिलिकॉनमध्ये १४००. पण घोडं अडतं ऑक्साइडवर. सिलिकॉन ऑक्सिजनमध्ये तापवलं की त्यावर काचेसारखा निरोधक थर धरतो, ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारं गेट त्यावर बसतं. गॅलियम आर्सेनाइडवर तसा भरवशाचा थर धरत नाही. त्यातले होलही (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन प्रभारासारख्या वाहतात) मंद, त्यामुळे एक ट्रान्झिस्टर इलेक्ट्रॉनवर, दुसरा होलवर चालणारी, कमी वीज खाणारी सीमॉस जोडी जमत नाही. वेफर (चिप ज्यावर घडवतात ती पातळ चकती) ठिसूळ, महाग.

हर्णैच्या बंदरातल्या ट्रॉलरवरच्या रडारमध्ये मात्र दोघं शेजारी नांदतात. ९.४ गिगाहर्ट्झचा क्षीण परतीचा सिग्नल वाढवायला बहुधा गॅलियम आर्सेनाइड, चित्र काढायला सिलिकॉन. उघडाल तर मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधाच. स्थिर विजेने तो सिग्नल वाढवणारा गॅलियम आर्सेनाइडचा ट्रान्झिस्टर गेला, तर पडदा चालू राहतो, पण लांबच्या होड्या गायब!