हळू चालवली म्हणजे गाडी जपली असं होत नाही

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं फिरून फिरून एकाच जागी येतायत, गाडी आरामात चालवली तर जास्त टिकते की जोरात चालवली तर इंजिन 'मोकळं' राहतं. त्यातली चार घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण तो प्रश्न गोव्यात निम्म्या घरांमधला आहे म्हणून लांबू दिलं.

प्रश्न : काका नमस्कार, मी फोंड्याहून लिहितोय. बाबा रिटायर शिक्षक, त्यांची ९ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आता मी वापरतो. ९ वर्षांत फक्त ३८ हजार किमी झालेत, मार्केट, मंगेशीचं देऊळ आणि परत घर एवढंच. ४० च्या वर कधी नेली नाही आणि लगेच टॉप गियर. मागच्या महिन्यात मोपा विमानतळावर मामांना आणायला गेलो तर ओव्हरटेकला पिकअपच नाही, दाबली की टक टक आवाज. बाबा म्हणतात तू दोन महिन्यांत गाडीची वाट लावलीस, मी म्हणतो तुम्ही ९ वर्षं गाडी नीट चालवलीच नाही. घरात यावरून रोज वाद. कोण बरोबर?

बाबांचा हेतू शंभर टक्के बरोबर, पद्धत चुकली. आणि तुझंही थोडं चुकतंय, त्यावर नंतर येतो.

तुझ्या गाडीसारखीच एक गाडी जूनमध्ये माझ्या गॅरेजला आली होती, मालक तसेच सज्जन, गाडीवर एक ओरखडा नाही, सीटला कव्हर, त्यावर टॉवेल. ऑइल टाकायचं झाकण उघडलं तर आतून पिवळट पांढरा थर, तुपाची बेरी आणि दही कालवल्यासारखा, बोटाने काढला तर चिकट. मालकांना वाटलं कोणीतरी भेसळीचं ऑइल टाकलं. तसं काही नव्हतं, ते पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून जातं पण थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं की ते उडून जातं, पण दोन किमी जाऊन गाडी बंद, परत दोन किमी, परत बंद, असं वर्षानुवर्षं चाललं की ते पाणी आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं आणि ऑइलचा दमच जातो. सायलेन्सरसुद्धा आतून सडतो तो त्याच पाण्याने, बाहेरून लोक समुद्राच्या हवेला दोष देतात (ती पण असतेच म्हणा). आणि टेम्परेचरचा काटा मधे आला म्हणजे इंजिन तापलं असं समजू नकोस, तो काटा कूलंटचा, ऑइल तापायला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. मार्केटला जाऊन येईपर्यंत ऑइल तापतच नाही.

आता टॉप गियरचं. ४० ला पाचवा टाकला की आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) हजार-बाराशेवर येतो, आणि मग चढ आला तरी बाबा गियर खाली टाकत नसणार, अ‍ॅक्सिलेटर दाबत असणार. चढावर सायकल जड गियरला रेटली की गुडघे भरून येतात ना, अगदी तेच इंजिनचं होतं. पिस्टनवर जोर पूर्ण पडतो पण इंजिन हळू फिरतंय म्हणून ऑइल पंपही हळू फिरतो, बेअरिंगमधली ऑइलची फिल्म पातळ होते, माउंटिंग हादरतात, क्लचला झटके बसतात. तू जो टक टक आवाज म्हणतोस तो बहुतेक नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल आत अवेळी भडकण्याचा, आत कार्बन साठल्यामुळे आणि जड गियरमध्ये दाबल्यामुळे. लवकर टॉप गियर टाकला की अ‍ॅव्हरेज मिळतं हे खरं आहे, पण ते सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने. छोट्या पेट्रोल इंजिनला १८०० ते २५०० च्या मधे ठेवली की ती खूश असते, गाडीत आरपीएमचा काटा नसेल तर कान लावा, घुमल्यासारखा जड आवाज आणि स्टेअरिंगला थरथर म्हणजे एक गियर खाली.

आता तुझं. तू लिहिलेलं नाहीस पण पत्राचा रंग बघून विचारतो, सकाळी स्टार्टर मारल्या मारल्या रेस करून निघतोस ना? रात्रभर ऑइल खाली उतरलेलं असतं, वर पोचायला काही सेकंद लागतात, आणि थंड इंजिनला जोर लावणं ही माझ्या मते गाडीशी करता येणारी सगळ्यात वाईट गोष्ट आहे, हायवेला शंभरने पळवण्यापेक्षा वाईट. दहा मिनिटं उभी ठेवून गरम करायचीही गरज नाही, अर्धा मिनिट पुरे, मग पहिले चार-पाच किमी हलक्या पायाने. तापल्यावर मोपाच्या रस्त्याला तिसऱ्या गियरमध्ये तीन-साडेतीन हजारापर्यंत नेलीस ओव्हरटेकला तर काही बिघडत नाही, उलट कार्बन थोडा सुटतो. पण तोच जोर खड्ड्यांवर, हंपवर आणि पुढच्याच्या डिकीला चिकटून ब्रेक मारण्यात घालवलास तर लिंक रॉड, बुश, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, टायर सगळं जाईल. ४० च्या स्पीडला गाडीत जी ताकद असते ती ८० ला दुप्पट नाही, चौपट होते, आणि ब्रेक मारला की ती सगळी डिस्कला आणि टायरला पचवावी लागते.

आधी हे कर : ऑइल आणि फिल्टर बदल, किती किमी झाले ते बघू नकोस, वर्ष झालं की बदलायचंच. प्लग काढून बघ, थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारा भाग) साफ करून घे. टायरच्या साइडला चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा, ते जर गाडीबरोबर आलेलेच टायर असतील तर नक्षी कितीही चांगली दिसू दे, बदल, रबर दगड झालेलं असतं आणि आपल्या पावसात ते धरत नाही. मग रविवारी बाबांना शेजारी बसवून काणकोणपर्यंत जाऊन ये, करमल घाटात गियर कधी खाली टाकायचा ते त्यांना आवाजावरून दाखव. वाद तिथे मिटेल असं वाटतं मला, कारण बाबांचं गाडीवर प्रेम आहे आणि प्रेम असलेल्या माणसाला आवाज लगेच कळतो.

प्रश्न : आम्ही साखळीचे. खरेदीला बेळगावला गेलो होतो, गाडीत पाच जण आणि डिकी भरलेली. येताना चोर्ला घाट उतरताना जळका वास यायला लागला आणि ब्रेकचं पॅडल मऊ लागलं, मिस्टर घाबरले. ते अजिबात फास्ट चालवत नाहीत, घाटात तर पाय ब्रेकवरच असतो. न्यूट्रलला उतरवली की पेट्रोल वाचतं म्हणून तसंच उतरवतात. मग असं का झालं?

ताई, पाय ब्रेकवरच होता म्हणूनच झालं. तुम्ही सुखरूप पोचलात हे वाचून बरं वाटलं, कारण पॅडल मऊ होणं म्हणजे ब्रेक जायच्या आधीची शेवटची सूचना असते.

हिशेबच सांगतो. माणसं सामान धरून गाडी १३०० किलो आणि उतार ६०० मीटर धरला तर त्यात जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात २५ लिटर साधं पाणी उकळीला येईल. थोडी वाऱ्यात, थोडी टायरमध्ये जाते, पण न्यूट्रल टाकलं की बाकी सगळी दोन डिस्क आणि दोन ड्रमच्या डोक्यावर. परवा अशाच एका गाडीचे पॅड काढले, काचेसारखे चकचकीत झालेले, नखाने खरवडले तर नख घसरत होतं, आणि डिस्कवर निळसर जांभळा रंग. तसे पॅड कितीही दाबा, धरत नाहीत.

पॅडल मऊ होतं त्याचं कारण मात्र ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि गोव्याच्या हवेत ओलीला काय तोटा! डॉट ४ चं ऑइल नवीन असताना २३० डिग्रीच्या पुढे उकळतं, ओल मुरली की तोच आकडा १५५ च्या आसपास येऊ शकतो. एकदा उकळलं की पाइपमध्ये बुडबुडे, मग पाय दाबता ते बुडबुडेच दबतात, ब्रेक लागत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, पण सर्व्हिसला लोक वॉशिंग पॉलिशिंगला पैसे देतात आणि याला नाही म्हणतात, मला याचं खरंच वाईट वाटतं.

न्यूट्रलने पेट्रोल वाचतं ही कार्बोरेटरच्या काळातली गोष्ट. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलेटर सोडला की कॉम्प्युटर पेट्रोलच बंद करतो, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल जाळावं लागतं. आणि काही लोक चावीच बंद करतात, तसं कधीच करू देऊ नका, दोन-तीन वेळा दाबलं की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि पॅडल दगडासारखं होतं, स्टेअरिंगही जड होतं.

ज्या गियरने चढलात त्याच गियरने उतरा, दुसरा नाहीतर तिसरा. इंजिनचा आवाज वाढेल, वाढू दे, त्याने इंजिन झिजत नाही. ब्रेक वळणाच्या आधी नीट दाबून स्पीड कमी करायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे मधे डिस्कला हवा लागते. हलका हलका सतत धरून ठेवायचा नाही. वास आलाच तर सुरक्षित जागा बघून थांबा, वीस मिनिटं चहा प्या, चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. आणि आता पुढे कुठे जायच्या आधी पॅड, डिस्क दाखवून घ्या, ब्रेक ऑइल तर बदलाच.

प्रश्न : पर्वरीला राहतो, ऑफिस पणजीत. २०२१ ची डिझेल एसयूव्ही आहे, एकदम हळू चालवतो. तरी सारखी एक पिवळी लाइट येते, वर्कशॉपवाले म्हणतात डीपीएफ चोक झाला, साफ करायचा मोठा खर्च सांगितला. हळू चालवून हे बक्षीस का?

एप्रिल २०२० पासून बीएस ६ हा गाड्यांच्या धुराचा नियम आला आणि डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा हा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. तो काजळी गोळा करतो आणि अधूनमधून स्वतःच ती जाळून टाकतो, पण त्याला साधारण ६०० डिग्रीची उष्णता लागते. मांडवी पूल ओलांडून पार्किंग शोधेपर्यंत ती कुठून येणार. तुमचं चालवणं चुकीचं नाही हो, तुमच्या रोजच्या रस्त्याला ही गाडी चुकीची आहे, विकणाऱ्याने हे तुम्हाला विचारायला हवं होतं.

लाइट नुकतीच आली असेल आणि गाडीने पॉवर कमी केली नसेल तर मॅन्युअल वाचा, बहुतेक गाड्यांना हायवेवर वीसेक मिनिटं एकसारख्या स्पीडने, आरपीएम दोन हजाराच्या वर ठेवून चालवली की फिल्टर साफ होतो. एनएच ६६ ने पेडण्याकडे जाऊन या, सकाळी ट्रॅफिक नसताना, दर आठवड्याला एकदा. कधी गाडी उभी केल्यावर फॅन जोरात फिरत असेल, आयडलिंग जरा वर असेल, गरम वास येत असेल तर ती साफ करत असते, तेव्हा बंद करू नका, अजून दहा मिनिटं फिरवून आणा. हे सारखं अर्धवट सुटलं की जादा टाकलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइल खुणेच्या वर गेलेलं दिसलं तर ऑइल वाढलं म्हणून खूश होऊ नका, लगेच बदला. लाइट लाल झाली किंवा गाडी दम तोडायला लागली तर मात्र हायवेचा उपाय करायचा नाही, वर्कशॉपच.

प्रश्न : एक रेंट-अ-कॅबवाला त्याची चार वर्षांची गाडी विकतोय, किंमत चांगली आहे. पण टुरिस्ट लोक अशा गाड्या कशा मारतात ते कळंगुटला रोज बघतो. घ्यावी का?

काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणून लगेच नको म्हणू नका. अशी गाडी दिवसभर चालते, इंजिन कायम तापलेलं असतं, वर पहिल्या पत्रातल्या गाडीसारखं पाणी साठत नाही, त्यामुळे ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर इंजिन पुष्कळदा चांगलं निघतं. मार बसतो तो क्लच, ब्रेक आणि खालच्या भागाला. दर चार दिवसांनी नवा पाय, नवा हात, कोणी फेरीबोटीच्या रांगेत रिबंदरला चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणार, हँडब्रेक आहे हे लक्षातच नाही, कोणी मोरजीला वाळूत नेऊन फसवणार.

क्लच अगदी वर आल्यावर गाडी हलत असेल तर प्लेट संपत आलीय, तो खर्च किमतीतून कमी करून मागा. डिस्कच्या कडेला बोट फिरवा (गाडी थंड असताना), उंच काठ लागला की डिस्क झिजलेली. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा, कट कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला. खाली वाकून बघा, वाळू आणि खारं पाणी लागलेल्या गाडीचे नटबोल्ट आणि सायलेन्सरची जोडणी आधी गंजते. सर्व्हिसची बिलं मागा, नुसतं पुस्तक नको, बिलं.

आणि बघायला सकाळी लवकर जा, आदल्या रात्री फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर चहा घ्या, निघून या आणि दुसऱ्या दिवशी परत जा.