न्यूझीलंडच्या कौटुंबिक सहलीत गाईडसह नदीवर फ्लाय फिशिंग कसे जमवावे?

दिवाळीच्या सुट्टीत पत्नी आणि दोन मुलांसह तुम्ही न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर येणार आहात, फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला बांधलेल्या बनावट माशीने मासे पकडणे, पूर्वी कधी केलेले नाही, आणि घरच्यांचा दिवस वाया न घालवता एकदा तरी गाईडबरोबर नदीत उतरायचे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी ऑकलंडला राहतो आणि सवड मिळेल तसा तोंगारिरो नदीवर जातो, म्हणून त्याच नदीविषयी सांगतो.

माझे मत असे आहे की, नदी निवडताना तिच्या कीर्तीपेक्षा घरची मंडळी त्या गावात सकाळभर रमतील का, हे आधी पाहावे. दक्षिण बेटावरच्या दुर्गम खोऱ्यांतले, हेलिकॉप्टरने गाठायचे प्रवाह जगप्रसिद्ध आहेत खरे. पण तेथे नितळ पाण्यातल्या सावध ब्राउन ट्राउट जातीच्या माशापुढे पहिल्याच फेकीत माशी अचूक टाकावी लागते, आणि ते नवख्याचे काम नाही. तोंगारिरो मात्र तूरांगी या गावाला लागूनच वाहते आणि पुढे ताउपो सरोवराला मिळते. गाईड सकाळी तुम्हाला मुक्कामावरून घेऊन जातो, थोड्याच वेळात तुम्ही पाण्यात असता आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत येता. तेवढ्या वेळात मुलांना गावाजवळचे तोंगारिरो नॅशनल ट्राउट सेंटर दाखवता येते. तेथे काचेमागून ओढ्यातले जिवंत ट्राउट पाण्याखाली पोहताना दिसतात. तोकानूचे गरम पाण्याचे कुंडही जवळच आहे.

हंगामाच्या दृष्टीने तुमची वेळ वाईट नाही. सरोवरातले रेनबो ट्राउट हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे तिथल्या वसंतात, त्यांतले बरेच मासे अंडी घालून सरोवराकडे परतत असतात; ते काहीसे रोडावलेले असतात, पण भुकेले असल्यामुळे माशी घेतात.

गाईड ठरवताना पहिल्याच ई-मेलमध्ये आपण संपूर्ण नवखे आहोत हे स्पष्ट लिहावे, आणि सोबत उंची, बुटाचे माप, चष्मा असल्यास तसे आणि पोहता येते की नाही हेही कळवावे. अर्ध्या दिवसाचीच मागणी करा. पूर्ण दिवस स्वस्त पडतो असे हिशेबाने वाटते, पण दुपारनंतर नवख्याचा खांदा भरून येतो आणि घरचेही कंटाळलेले असतात. दर बहुधा माणशी नसून एक किंवा दोन जणांच्या गटाचा असतो. तेव्हा पत्नीला किंवा मोठ्या मुलाला हौस असेल तर दोघांनी मिळून जाणे परवडते. दरात गळकाठी, वेडर्स (पाण्यात उतरण्याची जलरोधक विजार), बूट आणि बनावट माशा धरलेल्या आहेत का, परवाना वेगळा काढायचा का, आणि पावसाने नदी गढूळ झाली तर पैसे परत मिळतात की दिवस बदलून मिळतो, हे तिन्ही मुद्दे लेखी विचारून घ्यावेत. यातला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे. म्हणूनच तूरांगीत निदान दोन रात्री राहा आणि मासेमारी पहिल्या सकाळी ठेवा, म्हणजे बिघाड झालाच तर दुसरी सकाळ हाताशी राहते. व्यवसायाची परवानगी आणि विमा आहे का, हे विचारण्यात संकोच नको. चांगला गाईड त्याचा राग मानत नाही.

परवान्याच्या बाबतीत अनेकांचा गोंधळ होतो. देशाच्या बहुतेक भागात ‘फिश अँड गेम’ या संस्थेचा परवाना चालतो, पण ताउपो परिसरासाठी संवर्धन खात्याचा, म्हणजे डॉकचा, स्वतंत्र परवाना लागतो. तो ऑनलाइन काढता येतो आणि थोड्या दिवसांपुरताही मिळतो.

कोणाकडून मागून आणलेले मासेमारीचे साहित्य बॅगेत घालू नका. वापरलेली गळकाठी, बूट, वेडर्स विमानतळावर जाहीर करावेच लागतात आणि ते ओले किंवा मळलेले असतील तर अडवले जातात. 2004 मध्ये दक्षिण बेटावरच्या नदीत ओल्या साहित्यातून पसरणारे डिडिमो नावाचे शेवाळ सापडले, तेव्हापासून याबाबत फार काटेकोरपणा आहे. फेल्टच्या, म्हणजे नमद्याच्या, तळव्याचे बूट तर 2008 पासून बंदच आहेत. तुम्ही दिवाळीत येत आहात म्हणून आणखी एक सांगतो: फराळाचा डबाही जाहीर करा. जाहीर न केलेल्या वस्तूसाठी जागच्या जागी 400 डॉलर दंड होतो, आणि त्या चिवड्याची किंमत मग फारच चढते.

प्रत्यक्ष पाण्यात काय होते, याची थोडी कल्पना देतो. दोराच्या टोकाला बहुधा दोन निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्यांसारख्या दिसणाऱ्या बनावट माशा, बांधलेले असतात. एक जड असतो, तो तळाशी जातो. दुसरा हलका, त्याच्या मागून वाहतो. वर लोकरीचा छोटा झुपका तरंगत असतो, त्याला इंडिकेटर म्हणतात. तुम्ही प्रवाहाच्या वरच्या अंगाला दोर टाकायचा, झुपका पाण्याच्या वेगाने खाली येऊ द्यायचा आणि दोराचा पोट आलेला भाग उचलून वरच्या बाजूला ठेवत राहायचा, नाहीतर माशी प्रवाहापेक्षा वेगाने ओढली जाते आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. झुपका क्षणभर थबकला किंवा बुडाला की काठी लगेच वर. दगड लागला की मासा, हा विचार करत बसलात तर मासा निसटतोच. सुरुवातीच्या तासाभरात गाईड शेजारी उभा राहून ‘आता’ म्हणतो. तो म्हणेल तेव्हा हात हलवा, कारण त्याची नजर तयार झालेली असते.

पाणी थंड असते, दगड निसरडे असतात आणि प्रवाहाचा जोर काठावरून कळत नाही, म्हणून वेडर्सचा कमरपट्टा घट्ट आवळावा आणि मांडीच्या वर पाणी येईल तेथे जाण्याचा आग्रह धरू नये. लहान मुलांना नदीत उतरवू नका. ध्रुवीकृत काचांचा चष्मा डोळ्यांना गळ लागण्यापासूनही वाचवतो, तो प्रत्येकाला हवाच. न्यूझीलंडमध्ये अपघाताने झालेल्या दुखापतीवरच्या उपचारांसाठी पाहुण्यांनाही सरकारी एसीसी योजनेचा आधार मिळतो, पण आजारपण त्यात येत नाही. प्रवास विमा वेगळा घ्यावा.

पकडलेला मासा खाण्याची इच्छा असेल तर गाईडला आधीच सांगा. न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकायला कायद्याने बंदी असल्यामुळे तो हॉटेलच्या मेनूत सापडणार नाही. खायचा तर स्वतः पकडलेला किंवा कोणी भेट दिलेला. मात्र परतीच्या वाटेवरचा रोडावलेला मासा चवीला पांचट लागतो, तो सोडून देणेच बरे. ठेवण्याजोगा कोणता, हे गाईड अंगावरची चकाकी पाहून सांगेल.