गॅस गीझरवर कोड दिसला तर आधी हे बघ

भावा, नळ चालू असताना नुसता आकडा दिसतोय ना, ते बहुतेक पाण्याचं तापमान असतंय बे, बिघाड नाही. 'ई' लागून आकडा आला तर एरर, पण त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, मॅन्युअलच काढ. आपल्या सोलापुरात बोअरच्या जड पाण्यानं इनलेटची (पाणी आत येतं तिथली) जाळी क्षारानं भरते, मग पाण्याचं प्रेशर कमी होतं नि गीझर पेटतच नाही, तर पाणी अन् गॅस बंद करून जाळी धू, सेल नवे टाक, सिलेंडर संपलाय का तेपण बघ (लोक हेच विसरतात). तरी पेटेना तर सारखं चालू-बंद करू नको, गॅस साठतो. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लाईटच्या बटणाला हात नको. कव्हर मेकॅनिकच उघडेल. अन् गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर कोडबिड राहू दे, आधी तो बाहेर बसवून घे, गॅस जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.