निळा की लाल?

प्रश्न : कार्डिफ सिटी या वेल्समधील फुटबॉल क्लबच्या जर्सीचा रंग बदलल्यावर तिथले चाहते एवढे का संतापले होते? शिवाय इंग्लंडमध्ये सामना असला की त्यांना मेंढ्यांवरून का चिडवले जाते?

उत्तर : ‘ब्लूबर्ड्स’ हे टोपणनाव मिरवणाऱ्या या क्लबची निळी जर्सी ही शतकभराची ओळख होती. मलेशियन उद्योजक व्हिन्सेंट टॅन या मालकांनी, लाल रंग शुभ मानला जातो आणि आशियाई बाजारात तो खपेल, या हिशेबाने २०१२ मध्ये ती लाल करून टाकली. बोधचिन्हातही वेल्सचे प्रतीक असलेला ड्रॅगन मोठा झाला आणि निळा पक्षी बिचारा त्याच्या खाली जेमतेम दिसेल इतकाच उरला. पैसा टॅन यांचा होता, त्यामुळे काहींनी राग गिळला. २०१३ मध्ये संघ लाल जर्सीतच प्रीमियर लीग या इंग्लंडमधील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेत पोहोचला, तरी विरोध मावळला नाही आणि अखेर जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परतला.

मेंढ्यांचे म्हणाल, तर वेल्सच्या डोंगराळ भागात मेंढीपालन मोठ्या प्रमाणावर चालते, म्हणून इंग्लिश प्रेक्षक वेल्सच्या कोणत्याही संघाला त्यावरून बहुधा अश्लीलच टोमणे मारतात. गंमत अशी की, कार्डिफ हे कोळशाच्या निर्यातीवर वाढलेले बंदराचे शहर आहे.