वाचक विचारतात: पत्रिकेवरचा वळणदार फॉन्ट

प्रश्न: मुलीच्या लग्नाची पत्रिका करतोय. प्रेसवाल्याने इंग्रजी बाजूला हाताने लिहिल्यासारखा तिरका फॉन्ट लावलाय, दिसतो छान पण नावं सगळी कॅपिटलमध्ये, सासूबाईंना वाचताच येईनात. मराठीत तसा कुठला घ्यावा? आणि त्याने पाठवलेला मराठी मजकूर व्हॉट्सॲपवर भलत्याच इंग्रजी अक्षरांत का दिसतो? (नाव छापू नये, सांगली)

उत्तर: ताई, सासूबाईंचे डोळे ठीक आहेत हो. या फॉन्टमधलं कॅपिटल अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एकट्याने मिरवायला काढलेलं असतं, सगळीच कॅपिटल टाकली की एका मांडवात सात नवरदेव फेटे बांधून उभे, कुणाकडे बघायचं! म्हणून फक्त पहिलं अक्षर मोठं. मॅथ्यू कार्टर या फॉन्ट काढणाऱ्याचा १९६६ चा 'स्नेल राउंडहँड' हा फॉन्ट बघा, चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनगुरूच्या वळणावरून केलेला, त्यात एका छोट्या अक्षराची शेपटी बरोबर पुढच्याला जाऊन टेकते आणि सगळी शोभा त्या टेकण्यातच आहे, त्यामुळे प्रेसवाला 'जरा मोकळं करतो' म्हणाला तर करू देऊ नका, सांधे उघडे पडतात.

मराठीत जोड वर असतो, शिरोरेषेत. मोडी लिहिणारे तर आधी कागदभर रेघ ओढायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचे. त्यामुळे इंग्रजीसारखं तिरकं केलं की झालं असं नाही. फुकटातला 'कलम' चांगला आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा, तीन जाडींत मिळतो, पण तो पेनाने भरभर लिहिल्यासारखा, घरगुती. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीला अगदी फिट्ट, वधूवरांच्या नावांना मात्र मला तो हलका वाटतो. ती दोन नावं कुणा सुलेखनवाल्याकडून लिहून घ्या आणि स्कॅन करा. मुहूर्त, हॉल, पत्ता साध्या फॉन्टमध्ये, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' वगैरे. कुठलाही घ्या, आधी 'वऱ्हाडी', 'ज्येष्ठ', 'ॲड.' आणि 'ळ' टाइप करून बघा, 'वऱ्हाडी'तला र उडून ह च्या डोक्यावर रफार बसला तर तो फॉन्ट आपल्या कामाचा नाही. आणि लाल कागदावर सोनेरी छपाई असेल तर बारीक रेघा खाल्ल्या जातात, एक प्रत छापून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर छपाईची मांडणी संगणकावर करायच्या जुन्या (डीटीपी) फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मूळचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे ज्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं त्यात, मागा, नाहीतर सरळ पीडीएफ.

प्रश्न: मुलाच्या स्थळासाठी बायोडेटा सगळा अशाच फॉन्टमध्ये केला तर? (एक आई, नाशिक)

उत्तर: वरचं नाव करा. गोत्र, पगार नि फोन नंबर साधेच ठेवा, वळणदार फॉन्टमध्ये १ चा ९ वाचला गेला तर फोन भलत्याच घरी जायचा.